पाटोद्याची हिरवी आणि आमचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस गोदावरीच्या अलीकडे झालेला नाही. पलीकडे झाला असेल, तर त्याची आणि साडूंची अजून गाठ पडलेली नाही. पडली असती तर पेपरात आलं असतं. तुम्हाआम्हाला राग येतो आणि जातो. साडूंचा राग कायम मुक्कामाला असतो. सकाळी तो त्यांच्या आधी उठतो, त्यांच्याबरोबर दात घासतो, आणि दिवसभरात ज्याची पाळी येईल त्याच्यावर जाऊन बसतो. नोकरीभर ते पाटोद्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची नोंद करायची आणि भोंग्यावरून पुकारा करायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्या स्टँडवर पुकारा ही सूचना असते. पाटोद्यात ती ताकीद असे. "बीडला जानारी गाडी फलाटाला लागली हाय. बसायचं त्यांनी बसावं. निस्तं उभं ऱ्हाऊन काय बघताय, गाडी कधी पाह्यली न्हाई का?" एकदा जामखेडहून येणारी गाडी तासभर उशिरा आली, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला खोलीत बोलावून घेतलं आणि भरल्या स्टँडला त्याच भोंग्यावरून त्याला कारण सांगायला लावलं. त्या बिचाऱ्यानं टायर कुठं पंक्चर झालं, जॅक कुणाचा मागितला, सगळं कापऱ्या आवाजात सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे याची तक्रार वर गेली आणि चौकशीला एक साहेब आले. ते अर्ध्या तासात परत गेले, आणि जाताना स्टँडच्या गळक्या पत्र्यांबद्दल साडूंची बोलणी खाऊन गेले.

मी तेलगावच्या शाळेत गणित शिकवत होतो. माझी बायको पाटोद्याची, आणि तिची थोरली बहीण, म्हणजे अक्का, साडूंना दिलेली. त्यामुळे लग्न झालं तेव्हा मला बायकोबरोबर दोन गोष्टी मिळाल्या, साडूंचा राग आणि हिरवी.

हिरवी म्हणजे काय, हे पाटोदा, आष्टी आणि शिरूर या तीन तालुक्यांत सांगावं लागत नाही, आणि त्यांच्या बाहेर सांगून कळत नाही. ते एक बाटलीतलं थंड पेय होतं. बाटलीवर इंग्रजीत कंपनीचं काहीतरी नाव छापलेलं असे, पण ते कुणी कधी वाचल्याचं ऐकिवात नाही. रंग हिरवा म्हणून हिरवी. शेजारच्या जिल्ह्यात कुठंतरी एका छोट्या कारखान्यात ती तयार व्हायची, पण त्या जिल्ह्यात ती कुणी प्यायचं नाही, बीड शहरात कुणी प्यायचं नाही, आमच्या तेलगावला तर दुकानदार "कसली हिरवी, मिरची का?" असं विचारायचे. जगभरात गाजलेली काळी आणि नारिंगी पेयं पाटोद्यातही आली. दुकानात त्यांची मोठाली फ्रिजं आली. आणि त्या फ्रिजांत दुकानदारांनी हिरवी ठेवली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे चहा आला तर 'विचार करून कळवतो', हिरवी आली तर होकार, असा तिथला अर्थ. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना नारळाऐवजी दोन हिरव्या न्यायच्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलं हिरवीच पाजायची, त्यामुळे माणूस कुणाच्या बाजूचा आहे हे त्याच्या हातातल्या बाटलीवरून कधी कळायचं नाही. दसरा झाला की उसाच्या तोडीला निघालेल्या टोळ्या गाड्यांवर बाजा, भांडीकुंडी, कोंबड्या बांधून स्टँडसमोर थांबायच्या, बायामाणसं एकेक हिरवी प्यायची आणि एखादं कॅरेट सरपणाशेजारी बांधून घ्यायची. तिकडे साखर कारखान्यांच्या भोवतालचे दुकानदारही म्हणे बीडची माणसं आली की सहा महिन्यांपुरती हिरवी ठेवायचे.

तिची चव कशाची, यावर एकमत कधीच झालं नाही. कुणी वाळा म्हणे, कुणी बडीशेप, कुणी कैरी. साडूंना विचारलं तर ते म्हणत, "हिरव्याची चव हिरवी." लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा माझ्याही हातात बाटली आली. मी एक घोट घेतला आणि सहज बोलून गेलो की खोकल्याच्या औषधासारखी लागते. ओसरीवरची सगळी माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. साडूंनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली, उरलेली स्वतः पिऊन टाकली आणि सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी चांगल्या घरी पडली म्हनत होता ना?" पुढचं वर्षभर मी पाटोद्याला गेलो की मला फक्त पाणी मिळालं.

हिरवी पिण्याचे त्यांचे नियम होते, आणि ते मोडणाऱ्यावर ते ओळख नसली तरी ओरडत. ती बर्फात घालायची नाही, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवायची. ग्लासात ओतायची नाही. नळी घालून तर मुळीच प्यायची नाही. धडधाकट माणसानं नळीनं पिणं म्हणजे त्यांच्या मते पेयाचा आणि तोंडाचा, दोघांचा अपमान. झाकण उघडताना बोलायचं नाही, कारण तो आवाज ऐकायचा असतो. आवाज बसका आला की साडू बाटली कानाशी धरत, चेहरा काळा करत, आणि त्या दिवशी कारखान्याला पत्र जाई.

हे पत्रांचं प्रकरण मला कितीतरी वर्षं नुसतं वेडेपणाचं वाटत होतं. पोस्टकार्डावर पत्ता घातलेला असे: 'प्रति, मालक, हिरवी', आणि खाली गावाचं नाव. मजकुराला मायना नसायचा, नमस्कार नसायचा. 'गॅस कमी. झोपलात का?' 'मागच्या खेपेस साखर हात सोडून टाकली. घरात लग्न आहे का?' 'झाकणं ढिली. लाज वाटली पाहिजे.' आणि नवल म्हणजे त्यांना उत्तरं यायची. तिकडचा मालकही कमी नव्हता. 'गॅस बरोबर आहे. बाटली उन्हात ठेवणाऱ्यानं आमची झोप काढू नये.' 'साखर तीच आहे. आपलं तोंड कडू आहे.' अशी कार्डं साडू स्टँडवरच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवत, संतापानं लाल होत आणि तिथल्या तिथं उत्तर लिहायला बसत. दोघांनी एकमेकांचं कुशल कधी विचारलं नाही. एकमेकांना भेटायला ये असंही कधी लिहिलं नाही. तीसेक वर्षं हे चाललं होतं. अक्का म्हणायच्या, "मला लग्नापासून एक चिठ्ठी लिवली न्हाई ह्यांनी, अन् त्या मान्साला म्हैन्याला दोन."

आता माझ्या रागाची गोष्ट. माझ्या एकुलत्या एक मुलीचा साखरपुडा तेलगावला होता. मुलाकडची मंडळी पुण्याची. साडूंनी स्वतःहून सांगितलं की पेयाचं माझ्याकडे, आणि सकाळी सकाळी टेम्पोतून ओल्या पोत्यांत गुंडाळलेली कॅरेटं घेऊन हजर झाले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. मुलाच्या काकांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, आणि असली लोकल पेयं आम्ही घेत नाही, त्यात रंग असतो, दुसरं काही असेल तर द्या, असं सांगितलं. बोलणं वाईट नव्हतं. सूर वाईट होता, हे मी आज कबूल करतो. साडू पलीकडून चालत आले आणि म्हणाले, "तुमचं ते काळं काय हिरीतून शेंदतेत का?" काका उठले. काकांपाठोपाठ काकू उठल्या, मग त्यांच्याकडची सगळी पंगत उठली. साडू मात्र थांबेनात. पुण्याचं पाणी, पुण्याचे लोक, पुण्याच्या गाड्या कशा वेळेवर नसतात, इथपर्यंत गेले. त्या मंडळींना पुन्हा खुर्च्यांवर बसवायला मला दुपार लागली. मुलाच्या वडिलांचे मी पाय धरले. माझी पोर आतल्या खोलीत नटूनथटून बसलेली होती आणि बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. मी साडूंना सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या मांडवातून चालते व्हा. ते गेले. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, पण मी 'मांडवातून' म्हणालो आणि त्यांनी फक्त टोपी उचलली. साखरपुडा पार पडला. नवऱ्या मुलानं त्या गडबडीत तीन हिरव्या संपवल्या होत्या, हे मला मुलीनं फार उशिरा सांगितलं. लग्नाला मी साडूंना पत्रिका पाठवली, पण बोलवायला गेलो नाही. अक्का एकट्या आल्या. दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही, आणि मला त्याचं काही वाईटही वाटत नव्हतं.

दोन वर्षांनी एका उन्हाळ्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, साडू माझ्या दारात उभे. आता ते रिटायर झाले होते. हातात पिशवी. माफी नाही, कसे आहात नाही. पिशवीतून त्यांनी हिरवीची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. बाटली प्लास्टिकची होती.

"प्या," ते म्हणाले.

मी रागातच एक घोट घेतला. मला हिरवीतलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळलं की ही ती नाही. नुसतं हिरव्या रंगाचं साखरपाणी, आणि मागून साबणासारखं काहीतरी. साडू माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "चला. त्याला इचारायचं हाय." मी विचारलं, मी कशाला? तर खाली बघून म्हणाले, "मी बोलाय लागलो का लोक ऐकायच्या आधी पळतेत. तुमी मास्तर हाव. तुमी सुरवात करा, मग मी हायेच." माझी बायको आतून सगळं ऐकत होती. तिनं माझा सदरा आणून दिला.

बीड, मग पाटोदा, आष्टी, कडा आणि तिथून पुढे. तीन गाड्या बदलून आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाटभर साडूंनी काय काय बोलायचं ते मला ऐकवलं. त्यात शिव्या मोजक्याच होत्या, पण एकेक जपून ठेवलेली होती. कारखाना मात्र वेगळाच निघाला. एवढा तीन तालुक्यांना वेड लावणारा कारखाना, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे चिमणी, ट्रक असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात पत्र्याची एक शेड, दारात रिकाम्या काचेच्या बाटल्यांचा धूळ खाल्लेला ढीग, आणि आत दोन बायका पाण्याच्या बाटल्यांना लेबलं चिकटवत होत्या. मालकाचा मुलगा बाहेर आला. पन्नाशीचा, दमलेला, शांत माणूस. मी सुरुवात करायच्या आतच साडूंनी सुरुवात केली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पाटोद्याहून आलो म्हटल्यावर त्यानं साडूंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कंट्रोलर का?"

मग त्यानं जे सांगितलं ते असं. हिरवीचा अर्क ज्या माणसाकडून यायचा, तो माणूस नुकताच गेला. त्याची कृती त्याच्याबरोबर गेली. काचेच्या बाटल्या आता परत येत नाहीत, धुणारं कुणी मिळत नाही. कारखाना चालतो तो दुसऱ्यांचं पाणी भरून. हिरवी फक्त तुमच्या तीन तालुक्यांपुरती, महिन्यातून दोन दिवस, बाजारातला तयार अर्क घालून तो काढतो. का काढतो, तर वडिलांसाठी. वडिलांना वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. ठसका लागतो म्हणून पातळ काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी हिरवी चाखलेली नाही. ती बदलली हे त्यांना ठाऊक नाही. ते अजून रोज विचारतात, पाटोद्याची गाडी गेली का, पाटोद्याचं पत्र आलं का. साडूंच्या कार्डांची उत्तरं ते सांगतात आणि सूनबाई लिहिते. एवढं बोलून तो म्हणाला, "आत येता का? त्यांना बरं वाटेल."

शेडच्या मागेच घर होतं. म्हातारा बाजेवर उशीला टेकून बसला होता, एक हात मांडीवर पडलेला, तोंड किंचित वाकडं. मला त्याच्या डोळ्यांतला खट्याळपणा मात्र लगेच दिसला. साडू उंबऱ्यात अडखळून काहीतरी पुटपुटले आणि तेवढ्या आवाजावरून म्हातारा म्हणाला, "कंट्रोलर आले."

साडू बाजेच्या कडेला बसले. म्हाताऱ्यानं मला विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं, साडू. तेव्हा तो सावकाश, एकेक शब्द जुळवत मला म्हणाला की तुमच्या साडूंनी माझा धंदा उभा केला, हे यांनी सांगितलं का कधी? आणि साडू "ते कशाला काढता आता" म्हणून गुरगुरत असताना त्यानं ते काढलंच.

फार वर्षांपूर्वी, हिरवी नवी होती आणि कुठंच खपत नव्हती, तेव्हा तो न विकला गेलेला माल टेम्पोत घालून गावोगाव फिरत होता. पाटोद्याच्या स्टँडच्या तोंडाशीच टेम्पो बंद पडला. उन्हाळ्याचे दिवस. आत गाड्या अडकल्या, बाहेर गाड्या अडकल्या. त्यातच तोडीहून परतलेल्या टोळ्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत बसलेल्या, आणि स्टँडचा रांजण कोरडा. लेकरं रडत होती. तरणा कंट्रोलर ओरडत आला. टेम्पोवाल्याची गचांडी धरली, टेम्पोवरची ताडपत्री ओढून काढली आणि माल बघून म्हणाला, "रस्ता अडवतोस तर अडव. पर आदी ह्या लेकरांला पाज." म्हाताऱ्यानं नाही म्हणायचा प्रयत्न केला. कंट्रोलरनं सरळ भोंग्यावरून पुकारा केला की टेम्पोपाशी रांग लावा, बायकालेकरं पुढं, गड्यांनी मागं थांबावं. सगळा टेम्पो रिकामा झाला. "मी घरी जाऊन रडलो," म्हातारा म्हणाला, "की बुडालो. आणि आठ दिवसांनी पाटोद्याचे दुकानदार मला शोधत आले. त्या टोळ्यांनी गावागावांत सांगितलं होतं." साऱ्या मुलखाला हिरवी का आवडते, याची मी ऐकलेली सगळी कारणं, माती, पाणी, हवा, त्या खोलीत निकालात निघाली. इतक्या वर्षांत साडूंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. अक्कांनासुद्धा नाही.

"आता खरं सांगा, कंट्रोलर," म्हातारा म्हणाला. "मला हे लोक चाखू देत नाहीत. यंदाची कशी आहे?"

मुलगा दारात उभा होता. त्यानं नजर खाली घातली. मी साडूंकडे पाहिलं. त्यांच्या मानेची शीर फुगली होती, कान लालभडक झाले होते. मी या माणसाला पंचवीस वर्षं ओळखत होतो. एकदा मंत्र्याच्या गाडीपुढे उभा राहून तो खरं बोललेला होता, माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तो खरं बोललेला होता. तोंडावर आलेली गोष्ट त्यानं गिळल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. पिशवीत ती प्लास्टिकची बाटली होती. पिशवी त्यांनी हळूच बाजेखाली सरकवली.

"चव हाय तीच हाय," साडू म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "पर झाकनं लई ढिली. लाज वाटाय पाह्यजे."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की बघवेना. तो मुलाकडे वळून म्हणाला, "मी सांगत होतो ना? झाकणांकडे तुझं लक्ष नाही." मुलगा म्हणाला, "हो बाबा. बघतो." मग ते दोघे म्हातारे तासभर भांडले. कोणत्या साली साखर जास्त होती, कोणत्या साली गॅस कमी, कुणी कुणाला काय लिहिलं होतं. दोघांना सगळं पाठ होतं. मी आणि मुलगा बाहेर जाऊन उभे राहिलो.

निघताना मला वाटलं, आता साडू मुलावर फुटणार. पण फाटकाशी ते त्याला एवढंच म्हणाले, "म्हातारा हाय तवर भरत ऱ्हा. कसली बी भर. पर हिरवी भर." परतीच्या गाडीत मात्र त्यांनी कसर काढली. कंडक्टर, ड्रायव्हर, खिडकीची काच, पुढच्या सीटवरचा पान खाणारा माणूस, कुणी सुटलं नाही. कड्याला गाडी चहाला थांबली तेव्हा आमच्या दोघांच्या मागेपुढे चार सीटा रिकाम्या झाल्या होत्या. त्या रिकाम्या सीटांकडे बघत ते म्हणाले की तुमच्या पोरीच्या कार्यात माझं चुकलं. मी म्हणालो, माझंही. तेवढंच.

पुढचा राग मला पाटोद्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही. नवी हिरवी लोकांना आवडली नाही, आणि ते बरोबरच होतं. दुकानदार म्हणाले, कंपनीला फोन करू, गावोगावच्या सह्या घेऊन जाऊ. साडू एकेका दुकानात गेले आणि दम देऊन आले: "मालकाला फोन करायचा न्हाई बे कुनी. सह्या न्हाई, काय न्हाई. प्यायची असंल तर प्या, नसंल तर गप बसा." ज्या माणसानं गावाला झाकणाचा आवाज ऐकायला शिकवलं, तोच आता गप बसा म्हणतो! लोकांनी त्याचा एकच अर्थ काढला. कंट्रोलर फुटला. कंपनीनं त्याला फ्रिज दिलं, असं कुणी म्हणालं. पोराला नोकरी लावली, असं दुसऱ्यानं सांगितलं. साडूंना पोरच नाही. नोकरीभर ज्यानं फलाटावरच्या कॅन्टीनचा फुकटचा चहा घेतला नाही, त्याच्याकडे बघून माणसं स्टँडवर हसायला लागली. अक्का रडल्या. मी म्हणालो, मी सांगतो सगळ्यांना. तर साडू माझ्यावर असे धावून आले की मी दोन पावलं मागे सरलो. म्हणाले, आपल्या गावातून रोज चार माणसं तिकडं जातात. एकानं जरी म्हाताऱ्याच्या कानावर घातलं तर? आणि मला शपथ घातली. मी गप्प बसलो. गप्प बसून ऐकत राहायचं किती जड जातं, हे पुढच्या दोन वर्षांत कळलं.

पत्रं चालूच होती. महिन्याला दोन. साडूंनी नवी हिरवी त्या दिवसानंतर तोंडाला लावली नाही, तरी कार्डं जायची: 'या खेपेस बरी आहे. शेफारून जाऊ नका.' 'तळाशी चव जड लागते. ढवळणारा कोण आहे?' आणि उत्तरं यायची, सूनबाईच्या सुरेख अक्षरात, म्हाताऱ्याच्या तिरकस शब्दांत.

मागच्या हिवाळ्यात म्हातारा गेला. मुलानं साडूंना फोन केला, आणि त्या महिन्यापासून हिरवी यायची बंद झाली. पाटोद्यात दोन दिवस हळहळ झाली आणि दुकानांतल्या फ्रिजांत काळ्या-नारिंगी बाटल्या लागल्या. साडू मातीला जाऊन आले, आणि चौथ्या दिवशी न कळवता तेलगावला माझ्याकडे आले. शपथ सुटली, एवढंच आल्या आल्या म्हणाले. म्हणून हे लिहितो आहे. पाटोद्याच्या लोकांनी वाचावं, आणि वाचून त्यांना वाईट वाटलं तर मला फार बरं वाटेल.

त्या दिवशी आम्ही अंगणात बाज टाकून बसलो होतो. समोरच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जात होते, मोठ्यानं गाणी लावून. एरवी साडूंनी एकेका ट्रॅक्टरला खाली उतरवलं असतं. ते नुसते बसून होते. मग म्हणाले की पत्रं लिहिणं फार अवघड जायचं. खोटं लिहायचं तर खरं डोळ्यांपुढे पाहिजे. म्हणून दर वेळी आधी डोळे मिटून जुनी चव आठवायची, आणि मग तिच्यात खोड काढायची. सुरुवातीला लगेच आठवायची. मग वेळ लागायला लागला.

"परवा मातीहून येताना गाडीत बसून आठवत होतो," ते म्हणाले. "येतच न्हाई, गुरुजी. रंग दिसतो. पुढं काय न्हाई. तुमाला आठवती का वो?"

मी खरोखर आठवून पाहिलं. वाळा, बडीशेप, कैरी, सगळी लोकांची नावं आठवली. जिभेवर काही आलं नाही. "गोड होती," मी म्हणालो.

"गोड समदंच असतंय," साडू म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं विचारलं, "दाजी गेले का?"